लांबचा भूकंप

नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका बोळात, उत्तरेश्वर बिराजदार चष्म्याच्या काचा बसवतात. दर्शनी दुकान मालकाचं. आत पडद्यामागे काच घासायचं मशिन आणि एक उंच स्टूल, तेवढी जागा यांची. माझे चष्मे कित्येक वर्षं त्यांच्याच हातचे आहेत. पहिल्याच भेटीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बोळातून एखादा जड टेम्पो गेला की दुकानातलं दुसरं कोणी मानसुद्धा वर करत नसे. उत्तरेश्वर मात्र हातातली काच तशीच धरून थांबायचे. तो टेम्पोच होता, दुसरं काही नव्हतं, हे कानाला पटेपर्यंत थांबायचे आणि मग पुन्हा मशिन सुरू करायचे.

एकदा विचारलं, तर म्हणाले, "सवय आहे." पुण्यात एवढ्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. बाकीचं मला खूप नंतर कळलं, काही त्यांच्याकडून आणि काही त्यांच्या मुलीकडून, सृष्टीकडून.

उत्तरेश्वर मूळचे औसा तालुक्यातले. किल्लारीच्या शेजारचं गाव. त्र्याण्णव सालचा भूकंप झाला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. त्याच्या आदल्या वर्षी काही महिने जमीन अधूनमधून गुरगुरत होती. लोक घाबरून अंगणात, शेतात झोपायचे. मग गुरगुर थांबली. पाऊस आला, साप निघायला लागले, आणि एकेक घर पुन्हा आत झोपायला गेलं. उत्तरेश्वरचे वडील सोनबा म्हणाले, "किती दिस भ्यायचं?" गणपती बोळवून आल्यावर तेही आतच झोपले. उत्तरेश्वर मंडळाच्या पोरांबरोबर देवळासमोरच्या पटांगणात तसाच आडवा झाला होता, म्हणून वाचला. आई परसात गेली होती, म्हणून ती वाचली. घर दगडमातीचं, वर हातभर जाडीचा मातीचा धाबा. त्याखाली सोनबा होते आणि धाकटी बहीण गोदा.

ते त्या पहाटेबद्दल फारसं बोलत नसत. एकच सांगायचे, की उजाडलं तेव्हा गावातली सगळी माणसं एकाच रंगाची झाली होती. जिवंत कोण, मेलेलं कोण, हे फक्त हलण्यावरून कळत होतं.

पुढे मामानं त्यांना पुण्याला आणलं. सदाशिव पेठेत चार मुलांत एक खोली. बाकीचे तिघे आत झोपायचे, उत्तरेश्वर गॅलरीत. कोणीतरी त्यांना सांगितलं, की पुणं काळ्या पाषाणावर वसलंय, इथे काही होत नाही. ते वाक्य त्यांनी धरून ठेवलं. त्यावरच ते इथे राहिले, काम शिकले, लग्न केलं. बायको सत्यशीला बालवाडीत शिकवते. कर्वेनगरमध्ये नदीच्या बाजूला त्यांनी फ्लॅट घेतला तो पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. वरचा मजला स्वस्त मिळत होता, तरी नाही. पलंग दाराशेजारी.

मोबाइल आल्यापासून त्यांनी एक नेम केला होता. भूकंपाची सूचना देणारं एक अ‍ॅप त्यांनी घेतलं होतं; जगात कुठेही मोठा भूकंप झाला की फोन वाजायचा. उत्तरेश्वर ती जागा नकाशावर शोधायचे, आणि ती आपल्यापासून, आपल्या माणसांपासून किती लांब आहे ते बघायचे. लांब असली की जेवायला बसायचे. जवळ म्हणजे धोका, लांब म्हणजे सुटका. एवढा एक हिशेब त्यांच्या जगण्याला पुरत होता.

सृष्टी इंजिनिअर झाली तेव्हा तिला दिल्लीची नोकरी मिळत होती. उत्तरेश्वरांनी नको म्हटलं. हिमालय जवळ आहे. ती चिडली, बोलायची थांबली, शेवटी हिंजवडीत रुजू झाली. दोन वर्षांनी कंपनीनं तिला वर्षभरासाठी बँकॉकला पाठवायचं ठरवलं. या वेळी तिनं विचारलं नाही, फक्त सांगितलं.

उत्तरेश्वर तळमजल्यावरच्या सिराजभाईंकडे गेले. सिराजभाईंच्या तीन पिढ्या पुण्यात गेल्या. त्यांचं काम जमिनीचं. इमारत बांधण्याआधी बोअर घेऊन खाली माती किती, मुरूम किती, खडक कुठे लागतो, ते तपासून द्यायचं. त्यांनी नकाशा उघडून दाखवला.

"हे बघा उत्तरेश्वरराव. मोठी भेग आहे ती इकडे, म्यानमारमध्ये. तिथून बँकॉक चांगलं हजार किलोमीटर. जमीन मात्र मऊ आहे तिथली, फार मऊ. गाळच आहे सगळा."

"पण लांब आहे ना?"

"लांब आहे."

गाळाचं बोलणं उत्तरेश्वरांच्या कानावरून गेलं. त्यांना हवा होता तो शब्द मिळाला होता. ते वर आले आणि सत्यशीलाबाईंना म्हणाले, "जाऊ दे तिला."

त्यानंतर सहा-सात महिने बरे गेले. सृष्टी फोटो पाठवायची. चोविसाव्या मजल्यावरचं ऑफिस, खिडकीबाहेर उंचच उंच इमारती, एका बाजूला अर्धवट बांधलेल्या टॉवरवरची क्रेन. उत्तरेश्वर फोटो बघायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. पाडवा दोन दिवसांवर आला होता. लक्ष्मी रस्त्यावर साखरेच्या गाठी आणि साड्या घ्यायला ही गर्दी. दुपार व्हायच्या आधी सृष्टीचा व्हिडिओ कॉल आला. ती कामाच्या वेळात कधी फोन करत नसे.

"बाबा, मला काहीतरी होतंय. चक्कर येतेय. गोळी घेऊ का कुठली?"

तिच्यामागे छताला टांगलेले दिवे होते. ते एका बाजूला गेले, बराच वेळ तिकडेच राहिले आणि मग सावकाश दुसऱ्या बाजूला आले. सृष्टीनं ते पाहिलं नव्हतं. उत्तरेश्वरांनी पाहिलं.

"पळ," ते म्हणाले. "भाईर पळ, सृष्टी. उठ." इतक्या वर्षांत दुकानात कोणी त्यांची गावाकडची बोली ऐकली नव्हती.

"कुठे पळू? चोविसावा मजला आहे, बाबा."

मग तिलाही कळलं. फोन हातातून सुटून टेबलावर पडला असावा, कारण पुढे फक्त छत दिसत होतं. छत, ते दिवे आणि कडेला खिडकीचा वरचा भाग. आवाज मात्र येत होते. माणसांचे, कपाटांचे, आणि भिंतीतून येणारी एक लांबलचक करकर, बोटीत बसल्यावर यावी तशी.

उत्तरेश्वरांनी मला सांगितलं, की त्या वेळी ते फक्त थांबण्याची वाट बघत होते. गावाकडचा भूकंप त्यांना जन्मभर पुरला, पण तो स्वतः काही क्षणांचाच होता. एक दणका, आणि संपलं. हा संपत नव्हता. दिवे जात होते आणि येत होते. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा वाटत होता. छतातला एक चौकोनी तुकडा निखळून खाली आला. खिडकीबाहेरून पाण्याचा लोट खाली गेला. कुठल्यातरी गच्चीवरचा पोहण्याचा तलाव हिंदकळून सांडत होता, पण हे त्यांना कसं कळणार? त्यांना वाटलं, नदी वर आली. "थांब, थांब," ते म्हणत होते, मुलीला नव्हे, जमिनीला. आणि ते थांबायच्या आतच कॉल तुटला.

त्यांनी पुन्हा लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मालक पडद्याआड आले, त्यांचा चेहरा पाहून पाणी आणायला गेले. तेवढ्यात उत्तरेश्वर उठून बाहेर पडले आणि सरळ लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. का, ते त्यांना सांगता येत नाही. अंगानं मोकळी जागा शोधली. दोन्ही बाजूंनी दुचाक्या आणि मागे बसचा हॉर्न. एक बाई स्कूटर थांबवून म्हणाली, "काका, मरायचं असेल तर जरा कडेला जाऊन मरा."

मालकांनी त्यांना धरून आत आणलं. तोवर मालकांच्या मुलाच्या फोनवर ती चित्रफीत आली होती. बँकॉकमधली बांधकाम चालू असलेली एक उंच इमारत. वरून क्रेन हलते, आणि मग सगळी इमारत आपल्याच पायाशी बसते. खालून धूळ उठते. मुलगा फोन लपवू लागला, पण उत्तरेश्वरांनी पाहिलं होतं. धुळीतून पळत येणारी माणसं एकाच रंगाची झाली होती.

सृष्टीच्या खिडकीतून क्रेन दिसायची. ती हीच का? तिच्या इमारतीचं नावही त्यांना आठवेना. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. मजला तेवढा विचारला होता.

रिक्षात बसून ते कर्वेनगरला निघाले. डेक्कनपर्यंत त्यांनी कितीदा तरी नंबर लावला. रिक्षावाल्यानं एकदा आरशातून पाहिलं आणि मीटरकडे न बघता सिग्नल सोडून गल्लीतून गाडी काढली. घरी सत्यशीलाबाई नुकत्या शाळेतून आल्या होत्या. नवऱ्याला भर दुपारी दारात बघून त्या म्हणाल्या, "अहो, काय झालं? आई?" गावी सासूबाई आजारी होत्या.

"आई बरी आहे," उत्तरेश्वर म्हणाले. त्यांनी फोनवरची बँकॉकची बातमी पुढे धरली.

सत्यशीलाबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ती जिना उतरत असेल. चोवीस मजले उतरायला वेळ लागतो." नंतरच्या काही तासांत त्यांनी हेच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हटलं. आता पंधराव्यावर असेल. आता खाली आली असेल, फोन वर राहिला असेल. आता कोणाचा तरी फोन मागत असेल.

सिराजभाई वर आले आणि खुर्ची ओढून दाराशी बसले. उत्तरेश्वरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला.

"हजार किलोमीटर होतं ना?"

"होतं," सिराजभाई म्हणाले. "आजही आहे."

"मग?"

"ती पोरगी आली की सांगतो. आता नको."

त्यांनी 'आली की' म्हटलं, 'आली तर' नाही. उत्तरेश्वरांना तेवढ्याचाही आधार वाटला.

दिवेलागणीच्या सुमारास एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सृष्टी होती. ती एका बागेत बसली होती. हजारो माणसं गवतावर बसली होती. जिन्यात भिंतींना भेगा पडत असताना ती उतरली होती, एका पायात चप्पल नव्हती. तिची खोली अठराव्या मजल्यावर, तिकडे जायची हिंमत नव्हती. पडलेली इमारत तिच्यापासून बरीच दूर होती.

"बाबा, जमीन अजून हलतेय का?" तिनं विचारलं. "इथे सगळे म्हणतायत थांबली, पण मला हलतेय."

उत्तरेश्वर म्हणाले, "थांबलीय. तुला काही दिवस तसं वाटणार. मला वाटत होतं."

ती आठवड्याभरात पुण्याला आली, रजा टाकून. आता घरात दोन घाबरलेली माणसं झाली. सृष्टी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत जायची, पलंगावर बसायची आणि लगेच उठून भिंतीला हात लावून उभी राहायची. जेवताना वाटीतल्या आमटीकडे बघत राहायची. वरच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवलं की दोघं बापलेक एकदमच थांबायचे, आणि मग एकमेकांकडे बघायचे. लहानपणापासून ती बापाच्या या थांबण्याला हसत आली होती. मैत्रिणींसमोर तिला त्याची लाज वाटायची. आता हसणं गेलं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "गोदाआत्या किती वर्षांची होती?"

"आठ," उत्तरेश्वर म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पटांगणातून धावत आल्यावर घर कुठलं ते ओळखू न येणं, हातांनी माती उकरणं, आईचं हाका मारणं. सत्यशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. लग्नाला इतकी वर्षं होऊन त्यांनीही हे प्रथमच ऐकलं.

सिराजभाईंनी शब्द पाळला. शेजारच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होणार होता आणि तिथे त्यांचं बोअरचं काम चाललं होतं. ते दोघांना तिथे घेऊन गेले. पत्र्याच्या शेडमध्ये लांबट लाकडी खोकी होती आणि त्यांत जमिनीतून काढलेले मातीचे, दगडाचे गोल तुकडे क्रमानं मांडलेले होते.

"हात लावून बघ," ते सृष्टीला म्हणाले.

वरचा थर भुसभुशीत, मग करडी चिकण माती, बोट दाबलं की खड्डा पडणारी. मग पिवळट मुरूम. आणि शेवटी काळा कातळ, गार आणि जड.

"भूकंपाची लाट या कातळातून वेगानं जाते. या मातीत शिरली की हळू होते. पण मागून येणारं सगळं बळ तर तेवढंच असतं. ते कुठे जाणार? लाट हळू झाली की उंच होते. मातीवरचं घर कातळावरच्या घरापेक्षा जास्त हलतं ते त्यामुळे."

"पण इतका वेळ?" सृष्टीनं विचारलं. "ते थांबतच नव्हतं, काका."

"बादली भरून नेताना तू एकदम थांबलीस तरी आतलं पाणी डुचमळत राहतं ना? बँकॉक तशा बादलीत बसलंय. नद्यांनी आणि समुद्रानं आणलेला गाळ, खाली शेकडो मीटर. कडेला आणि तळाला खडक. लाट एकदा आत शिरली की या काठावर आपटते, त्या काठावर आपटते, बाहेर पडायला वेळ लागतो. आणि लांबून येताना लाटांमधल्या चपळ लाटा वाटेतच मरतात. पोचतात त्या लांब, संथ झोक्याच्या. गाळालाही तोच झोका मानवतो आणि उंच टॉवरलाही. तिघांचा ताल जुळला. तिथल्या बुटक्या घरांना फारसं काही झालं नाही, पाहिलंस ना?"

उत्तरेश्वर म्हणाले, "आमच्याकडे बुटकीच घरं पडली."

"तुमच्याकडे भूकंप पायाखाली होता. जवळचा झटका आखूड आणि चपळ असतो, तो बुटक्या, जड घरांना धरतो. लांबचा उंच घरांना शोधत येतो. भूजच्या वेळी अहमदाबाद आठवतं? अडीचशे किलोमीटरवर. बांधकामं कच्ची होतीच, पण खाली नदीचा जुना गाळही होता."

उत्तरेश्वरांनी करड्या मातीवर बोट ठेवलं. "ही माती आपल्या इमारतीखालीही आहे का?"

"आहे," सिराजभाई म्हणाले. "नदीकाठ आहे हा. पुणं कातळावर आहे हे खरं, पण कातळ सगळीकडे हाताशी नाही. ती बँकॉकची बादली, ही ताटली. तेवढा फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण टेकडीवरच्या घरापेक्षा आपलं घर जास्त हलेल. तुम्हाला खोटं सांगणार नाही."

उत्तरेश्वर घरी आले आणि दोन दिवस कामावर गेले नाहीत. ज्या एका वाक्यावर त्यांनी पुण्यात घर केलं होतं, ते वाक्य अर्धंच खरं निघालं होतं. आता नकाशावर अंतर बघूनही उपयोग नव्हता. फ्लॅट विकून टेकडीकडे जायचं का, यावर नवरा-बायकोची बोलणी झाली. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "आधी इमारतीचे खांब तपासून घेऊ. घर पळवून नेता येत नाही." सोसायटीच्या सभेत उत्तरेश्वर आयुष्यात प्रथमच बोलायला उठले. सेक्रेटरी म्हणाले, "बिराजदार, लिफ्टचा प्रश्न आधी, भूकंप नंतर. तो यायचा तेव्हा येईल." लोक हसले. उत्तरेश्वर बसले नाहीत. उभेच राहिले, हसणं थांबेपर्यंत. शेवटी तपासणी ठरली. दोन खांब गंजलेले निघाले, ते पावसाळ्याआधीच दुरुस्त झाले.

मे महिन्यात सृष्टी म्हणाली, "मला गाव बघायचंय. जुनं."

तिघं गेले. भूकंपानंतर वसवलेल्या नवीन गावात रुंद रस्ते आणि सुटीसुटी घरं. सृष्टीची आजी, आजारातून उठलेली, आपल्या घराच्या ओसरीवर बसली होती. जुन्या गावाच्या जागेवर बाभळी माजल्या होत्या आणि त्यांच्यात दगडांचे ढीग. उत्तरेश्वर पुढे चालत होते. देऊळ सापडलं, म्हणजे देवळाचा चौथरा. तिथून डाव्या हाताला दुसरी आळी, मग पार, मग घर. ते तीनदा गेले आणि तीनदा परत चौथऱ्याशी आले. आळी सापडत नव्हती. चौथ्या वेळी ते निघाले. सृष्टीनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "राहू दे, बाबा. इथेच बसू."

ते चौथऱ्यावर बसले. ऊन कलेपर्यंत बसले. आजीनं बरोबर दिलेल्या भाकरी तिथेच खाल्ल्या.

जूनमध्ये सृष्टी परत गेली. कंपनीनं पुण्यात थांबण्याची मुभा दिली होती, ती तिनं घेतली नाही. का, ते तिनं मला सांगितलं. "मी नाही गेले तर मग दिल्लीपण नाही, मुंबईतला विसावा मजलापण नाही. मग मी दाराशेजारीच झोपणार कायम." उत्तरेश्वरांनी तिला अडवलं नाही. खोली मात्र तिनं चौथ्या मजल्यावर घेतली, आणि ऑफिसची इमारत तपासल्याचा दाखला मागून घेतला.

पोचल्यावर संध्याकाळी तिचा फोन आला. सत्यशीलाबाईंनी जेवणाचं विचारलं, सामानाचं विचारलं आणि फोन नवऱ्याकडे दिला.

"बाबा, घाबरलाय का?"

"हो."

"मी पण."

"आज सोसायटीत रंग लावायला माणसं आलीत," उत्तरेश्वर म्हणाले. "जिन्याला पिवळा देतायत. फार वाईट दिसतोय."

"फोटो पाठवा."

त्यांनी दारात जाऊन जिन्याचा फोटो काढला, पाठवला, आणि मग दोघं बराच वेळ त्या पिवळ्या रंगाबद्दल बोलत राहिले.